खर्चाचं खातं

आमच्या इद्दिरची मालमत्ता, वही चौथी, पान पहिलं:
तंबू एक, ठिगळं सात.
बाकडी चाळीस; त्यांतलं एक लंगडं,
तरी मोजायचं, असा ठराव आहे.
तीन हंडे. कप दोनशे बारा.
गल्लीत कुणाचं माणूस गेलं
की हे सगळं त्या अंगणात जातं
आणि त्याच्यामागोमाग आम्ही.
वर्गणी महिना वीस बिर, गैरहजेरीला दंड पाच.
मी देमिसेव, लिहिणारा. अठरा वर्षं
देस्सेच्या या चढावरचं मरण
निळ्या शाईत जमाखर्चाला लावतो आहे.

हामलेच्या सभेत मुलात्वा उठली.
हंड्यांवर हुकूम तिचा; सभेत ती सहसा बोलत नाही.
म्हणाली, ओढ्यावर पूल बांधू. शिल्लक आहे ना?
शिल्लक होती. मी आकडा सांगितला
आणि लगेच पस्तावलो,
कारण गाशाव उभा राहिला टोपी काढून,
म्हणजे भाषण लांबणार.
"हा पैसा मेल्यांचा. जिवंतांना नगरपालिका आहे.
तुम्ही निघालात
मेल्यांच्या टाळूवरचं लोणी खायला!"

मुलात्वानं सकाळीच केसांना लावलेलं लोणी
शेगडीच्या धगीनं कानामागे उतरत होतं.
तिनं ते शालीच्या टोकानं टिपलं.
"नगरपालिकेला तीन अर्ज गेले, गाशाव.
तिसऱ्यावर सही तुमचीच आहे.
आणि झेर्फेला आपण कसं नेलं ते आठवा.
ओढ्याच्या मध्यावर एंद्रिसचा पाय सरकला
आणि तिरडी..."
तिथं ती थांबली.
पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. ते वहीत नाही.
वहीत एवढंच: किरकोळ, कापड एक, ओलं झाल्यानं बदललं.

कॉफीची दुसरी फेरी आली तशीच निवली.
मग हात वर झाले. मोजले: एकशे तीन.
विरोधात एक.
एंद्रिस हळूच म्हणाला, पण देमिसेव,
हा खर्च कोणत्या खात्यात?
मी टाक उचलला. लिहिलं:
अंत्यविधी. वाहतूक.
किती दिवसांनी त्या तंबूत कुणी हसलं होतं.

तिकिम्तमध्ये पाणी ओसरलं.
शुक्रवार त्यांचा, रविवार आमचा,
भांडून भांडून मंगळवार ठरला.
शाळेतल्या पोरांनी दगड आणले, दप्तरात,
आणि पुस्तकं हातात.
निलगिरीचे सोट उतारावरून ओढताना
एंद्रिस "अल्ला" म्हणे, आम्ही "मरियम",
सोट दोन्हींना सारखाच जड.
भांडणं झाली. तात्सिचं आणि अस्तेरचं
दहा वर्षांचं जुनं भांडणही
वाळूच्या ढिगावर पुन्हा नवं झालं.
तेही बांधकामातच धरायचं.

गाशाव एकदाही आला नाही.
दर मंगळवारी, उजाडण्याआधी,
माझ्या दाराशी पाच बिर मोजून ठेवी
आणि पावती मागे.
त्याच्या दंडातून खिळे आले.
हे मी त्याला सांगितलं नाही.

पूल झाला त्याच्या चौथ्या संध्याकाळी
मी कुंपणाआडून पाहिलं:
गाशाव आणि त्याचं गाढव.
गाढव आधी गेलं. तो मध्यावर थांबला,
इकडं तिकडं पाहिलं,
टाच जोरात आपटली. एकदा. पुन्हा एकदा.

पुढच्या सभेत त्यानं टोपी काढली.
आम्ही बाकड्यांवर सरसावून बसलो.
"तिसरी फळी हलते," म्हणाला.
बस, एवढंच.
मी लिहिलं: दुरुस्ती, फळी तिसरी, जबाबदारी...
आणि वर पाहिलं.
टोपी पुन्हा डोक्यावर गेली होती.
"लिहा की," तो म्हणाला. "नाव येत नाही का माझं?"

मालमत्ता, वही चौथी, पान पहिलं, सुधारित:
कप दोनशे अकरा; एक उद्घाटनाला फुटला.
पूल एक.
कुणाच्याच अंगणात नेता येत नाही.
हलतो,
तरी मोजायचा.